पिवळं आणि कडू म्हणजे दारुहळद नव्हे

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत दारुहळद मागा, ‘मानुपसुपु’ म्हणून पिवळ्या लाकडाचे तुकडे पुडीत बांधून मिळतील. झुडपाचे की वेलीचे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘दोन्ही एकच.’ माझा राग आहे तो या उत्तरावर. नावाला दोष नाही. तेलुगूत मानु म्हणजे झाड, पसुपु म्हणजे हळद, आपला शब्दही तेच सांगतो. पण त्या नावाखाली दोन वनस्पती खपतात. एक हिमालयात दोन-तीन हजार मीटर उंचीवरचं काटेरी झुडूप, बर्बेरिस अरिस्टाटा. आयुर्वेदिक फार्माकोपियातली दारुहरिद्रा म्हणजे याचंच खोड. दुसरी कॉसिनियम फेनेस्ट्रेटम, दक्षिणेकडच्या पश्चिम घाटातली नि श्रीलंकेतली, गुळवेलीच्या कुळातली जाडजूड वेल.

दोन्हींत बर्बेरीन असतं आणि दक्षिणेतले वैद्य वेलच वापरत आले, असं म्हणतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मग रंग पाहून नि चव चाखून केलेली परीक्षा फुकटच, कारण तो पिवळेपणा आणि कडूपणा दोन्हीकडे बर्बेरीनचाच! बाकीची द्रव्यं नि त्यांचं प्रमाण वेगळं, त्यामुळे एकीची मात्रा दुसरीला लावता येत नाही. वैद्याला आपण वेल देतोय हे ठाऊक असे. गिऱ्हाइकाला ते कळूच दिलं जात नाही. शिवाय ही वेल सावकाश वाढते आणि बेसुमार तोडीमुळे जंगलातून संपत चालली आहे. त्या तोडीचे पैसे आपण नकळत भरतो, हे मला जास्त लागतं.

म्हणून तुकडा आडवा कापलेलाच घ्या. वेलीच्या चकतीवर मधून कडेला जाणाऱ्या रुंद, चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. झुडपाचं लाकूड घट्ट आणि टणक असतं. चूर्ण घेऊच नका, त्यात काहीच दिसत नाही. पावतीवर शास्त्रीय नाव लिहून मागा, कुरकुर झाली तरी. दारुहळदीचा काढा दुधात आटवून केलेलं रसांजन डोळ्यांसाठी जुनं औषध आहे, हे खरं. पण घरी केलेलं डोळ्यांत घालू नका. ‘झाडपाल्यानं अपाय होत नाही’ हा युक्तिवाद तर अजिबात ऐकू नका. बर्बेरीनमुळे सायक्लोस्पोरिन या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर साखर जास्त उतरू शकते. गरोदरपणी ते टाळायचं. आणि काविळीवर पिवळं औषध म्हणून नवजात बाळाला चाटवणं सर्वांत घातक: बर्बेरीन रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटलेलं बिलिरुबिन सोडवतं, आणि ते मोकळं बिलिरुबिन बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतं.