जुन्या जीपगाडीच्या पुढील पाट्यांचे बुश : झिजेची परीक्षा व बदलण्याची रीत

जीप ही शेतकऱ्याची गाडी म्हणूनच सर्वसामान्य लोकांच्या बाजारात प्रथम आली. दुसरे महायुद्ध संपताच १९४५ साली अमेरिकेतील विलीस कंपनीने लष्करी जीपवरून नागरिकांसाठी सी. जे. २ ए हा नमुना काढला आणि शेतीची अवजारे इंजिनच्या जोरावर चालविण्याची सोय दाखवून तो मुख्यत्वे शेतकऱ्यांपुढे मांडला. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्र कंपनीने मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली, व पुढे त्याच वंशातील गाड्या कित्येक दशके तयार होत राहिल्या. १९८५ साली मारुतीची जिप्सी निघाली. यांपैकी पुष्कळ गाड्या आजही मळ्यांवर व वाड्यावस्त्यांवर काम देत आहेत. त्यांतील कांही सरकारी कचेऱ्यांच्या लिलावात घेतलेल्या आहेत, कांही वडिलांकडून मुलाकडे आलेल्या आहेत.

अशा गाडीविषयी मालकाची एक तक्रार हटकून असते, ती ही की गाडी सरळ चालत नाही. चक्र सारखे इकडे तिकडे सावरावे लागते, ब्रेक दाबला की तोंड एका बाजूस फिरते. मालक प्रथम टायर बदलतो, मग स्टिअरिंगची पेटी उघडवितो, आणि बराच पैसा खर्चूनही दोष तसाच राहतो. नांगराची पाचर सैल झाली म्हणजे तास वाकडे जाते. बैलांस मारून ते सरळ होत नाही. जीपच्या बाबतीत ती पाचर म्हणजे पुढील पाट्यांतील रबरी बुश होत. वस्तू लहान व स्वस्त, परंतु पुढचा आस आपल्या जागी राहणे हे तिच्यावर अवलंबून असते. तिची परीक्षा कशी करावी व ती कशी बदलावी, हे या लेखात सांगण्याचे योजिले आहे.

बुशचे कार्य

या गाड्यांना पुढे अखंड आस असून त्याच्या दोन्ही अंगांस पोलादी पट्ट्यांचा एकेक जुडगा असतो. त्यासच आपण पाटा म्हणतो. जुडग्यातील सर्वांत लांब पट्टीची दोन्ही टोके वळवून त्यांच्या कड्या केलेल्या असतात. एक कडी चासीवर कायमच्या जागी बोल्टाने अडकविलेली असते. दुसरी कडी चासीस थेट न जोडता शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यातून जोडतात. कारण असे की ओझ्याखाली पाटा सपाट होऊ लागला म्हणजे त्याच्या दोन कड्यांतील अंतर वाढते, व त्या वाढीस वाट हवी. याप्रमाणे प्रत्येक अंगास सांधे तीन झाले : कायम कडीचा एक, शॅकलच्या खालच्या टोकाचा एक व वरच्या टोकाचा एक. दोन्ही अंगांचे मिळून सहा.

या प्रत्येक सांध्यात पोलाद पोलादावर आदळू नये म्हणून रबराचा बुश घातलेला असतो. कांही गाड्यांत तो नुसत्या रबराच्या दोन अर्ध्या तुकड्यांचा असतो; कांहींत बाहेर एक पोलादी नळी, आत दुसरी बारीक नळी व दोहोंच्या मध्ये घट्ट बसविलेले रबर, अशी रचना असते. नट आवळला की आतली नळी जागच्या जागी जखडली जाते, आणि पाटा वरखाली हलताना रबर घसरत नाही, तर पिळवटते व पुन्हा पूर्वस्थितीस येते. ही गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. पुढील कृतीतील अत्यंत महत्त्वाचा नियम तिच्यातूनच निघतो.

अगदी जुन्या विलीस पद्धतीच्या गाड्यांत यू आकाराचे आट्यांचे शॅकल व धातूचे बुश आढळतात. त्यांस मात्र नियमाने ग्रीस द्यावे लागते, आणि त्यांतील कांहींचे आटे उलटे असतात. तेव्हा पान्यावर जोर करण्यापूर्वी आटे कोणत्या बाजूचे आहेत हे अवश्य पाहावे.

झिजेच्या खुणा

गाडी फार धावली तरच बुश जातात असे नाही. रबर वयानेच तडकते. इंजिनचे गळके तेल व सांडलेले डिझेल यांनी ते फुगून मऊ पडते. चिखल व वाळू यांनी कापले जाते. क्षमतेबाहेर ओझे भरल्याने चेपते. म्हणून वर्षानुवर्षे गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या गाडीचे बुशही निकामी निघतात.

परीक्षा येणेप्रमाणे करावी :

१. गाडी सपाट जमिनीवर उभी करून, इंजिन बंद ठेवून, एकाने चक्र थोडे थोडे डावीउजवीकडे जोराने हलवावे व दुसऱ्याने बाहेरून शॅकलकडे पाहावे. चाक वळण्यापूर्वी शॅकल किंवा कडीच आडवी हलत असेल तर बुश गेले असे समजावे.

२. कडीच्या मध्यभागी बोल्ट आहे की एका कडेस टेकला आहे, हे पाहावे. कडीतून तांबूस गंजाची भुकटी गळत असेल तर रबर संपून लोखंड लोखंडाला घासत आहे.

३. चासीस आधार देऊन पाट्यावरील भार काढावा व कडी आणि तिचा कंस यांमध्ये पहार घालून हलकेच उचलून पाहावे. चांगला बुश किंचित दबतो व परत येतो. गेलेला बुश खट्कन आवाज करतो.

४. दोन्ही अंगांस पुढील व मागील आसाच्या मध्यावरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करावी व दोन खुणांतील अंतर मोजावे. सी. जे. ३ बी नमुन्यात हे अंतर ८० इंच असते. गाडी कोणतीही असो, डाव्या व उजव्या अंगाचे माप सारखे आले पाहिजे. फरक आढळल्यास आस सरकला आहे. त्यास बुश कारण असेल, किंवा पाट्याच्या पट्ट्या एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट तुटला असेल.

याबरोबरच टायरमधील हवा, चाकांचे बेअरिंग व स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधेही तपासावेत. एका दोषाचे खापर दुसऱ्यावर फुटू नये.

साहित्य

सहाही सांध्यांचे बुश एकदम आणावेत. एक नवा व पाच जुने ठेवल्यास आस पुन्हा वाकडाच बसतो. बोल्ट व शॅकलच्या पिना झिजल्या असतील तर त्याही घ्याव्या. यू बोल्टाचे आटे ताणलेले दिसल्यास ते नवेच हवेत. दुकानी जाताना जुना नमुना व गाडीचे साल बरोबर न्यावे. जुन्या विलीस वंशाच्या गाडीस बहुतेक ठिकाणी इंची पाने लागतात, जिप्सीस मिलिमीटरचे.

बाजारात हल्ली पॉलियुरेथेन नावाच्या कठीण पदार्थाचे बुशही मिळतात. तेलाने ते बिघडत नाहीत व टिकतात अधिक. परंतु ते धक्का कमी शोषतात, व त्यांच्याबरोबर मिळणारे खास ग्रीस न लावल्यास करकरतात. शेतवाटेच्या कामास चांगल्या प्रतीचे रबर पुरेसे होय.

याशिवाय दोन जॅक, दोन मजबूत लोखंडी घोड्या, चाकांस लावावयाच्या उटी, हातोडा, करवतीचे पाते, तारेचा ब्रश व साबणाचे पाणी एवढे साहित्य जवळ असावे.

सुरक्षिततेविषयी

या कामात बुशापेक्षा माणसाचा जीव मोठा आहे. जॅक हा उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. विटा, दगड किंवा लाकडाचे ओंडके रचून त्यांवर गाडी ठेवू नये. वीट न सांगता फुटते. काम फरशीवर किंवा चोपलेल्या कठीण जमिनीवर करावे, नांगरटीत नव्हे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. या जुन्या गाड्यांचा हातब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर असतो. त्यामुळे मागचे एक चाक जमिनीवरून सुटले की हातब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. म्हणून मागील दोन्ही चाकांस पुढून व मागून उटी लावल्याखेरीज जॅकला हात घालू नये.

कृती

आदल्या दिवशी सर्व नटांवर गंज सोडविणारे तेल सोडून ठेवावे. दुसऱ्या दिवशी चाकांचे नट थोडे सैल करून गाडीचा पुढचा भाग उचलावा व पाट्यांच्या मागे चासीखाली दोन्ही बाजूंस घोड्या द्याव्या. घोडी आसाखाली ठेवू नये, कारण आस खालीवर करण्यास मोकळा हवा. आसास दुसऱ्या जॅकने आधार द्यावा. आस ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळणार नाही याची काळजी घ्यावी.

एका वेळी एकच अंग सोडावे. दुसरे अंग जोडलेले राहिल्यास आस जागा सोडत नाही. चाक काढून शॉकॲब्सॉर्बरचे खालचे टोक सोडावे, नंतर यू बोल्ट, मग शॅकल व शेवटी कायम कडीचा बोल्ट सोडून पाटा खाली घ्यावा. पाटा वजनाने भारी असतो. तो उतरविताना दोन माणसे असावीत.

जुना बुश काढण्यास कडी जाळावी अशी रीत कित्येक ठिकाणी आढळते. ती सर्वथा त्याज्य होय. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते, व तोच पाटा पुढे भर रस्त्यात कडीशी तुटतो. जळत्या रबराचा धूरही अपायकारक असतो. त्याऐवजी व्हाइसमध्ये नळीच्या साहाय्याने बुश दाबून काढावा. न निघाल्यास रबर कोरून बाहेरची नळी करवतीच्या पात्याने आतून लांबीत चिरावी. पाते कडीस लागू देऊ नये.

कडी ब्रशाने स्वच्छ करून पाहावी. ती लांबट झाली असेल किंवा तिला तडा असेल तर नवा बुश घालून उपयोग नाही. ती पट्टीच बदलली पाहिजे. सेंटर बोल्टही याच वेळी तपासावा.

नवा बुश बसविताना साबणाचे पाणी लावावे. ग्रीस अथवा इंजिनचे तेल रबरास कदापि लावू नये. पोलादी नळीचा बुश असल्यास दाब बाहेरच्या नळीवरच द्यावा; आतल्या नळीवर ठोकल्यास रबर नवेपणीच फाटते. नंतर पाटा जागी धरून बोल्ट व शॅकल घालावे, मात्र नट केवळ हाताने लागतील तितकेच लावावे. सेंटर बोल्टाचे डोके आसावरील भोकात बरोबर बसले आहे हे पाहून यू बोल्ट चारी नटांनी सारखे, आलटून पालटून आवळावे. शॉकॲब्सॉर्बर जोडावा. दुसऱ्या अंगास हीच कृती करावी.

आता मघाशी सांगितलेला नियम येतो. बुशांचे बोल्ट गाडी घोडीवर लोंबत असता आवळू नयेत. चाके लावून गाडी जमिनीवर घ्यावी, पुढचा भाग हाताने दाबून दोनचार वेळा हलवावा, गाडी दोन हात पुढे मागे ढकलावी, आणि तिचे सर्व वजन चाकांवर असतानाच सहाही सांधे पूर्ण आवळावे. लोंबत्या स्थितीत आवळल्यास आतली नळी त्याच स्थितीत जखडते. गाडी खाली येताच रबर पिळवटलेले राहते व उभ्या गाडीतही दिवसरात्र ताणात असते. असा बुश थोड्याच महिन्यांत फाटतो, आणि दोष दुकानदाराच्या मालास दिला जातो. किती जोराने आवळावे याचे आकडे गाडीच्या पुस्तकात दिलेले असतात. ते जवळ नसल्यास जाणत्या कारागिराकडून एवढे एक काम करून घेण्यात कमीपणा नाही.

कामानंतर

सुमारे १०० किलोमीटर चालल्यावर यू बोल्ट व सर्व नट पुन्हा तपासावे. ओळंब्याचे माप पुन्हा घ्यावे व पुढील चाकांची सरळ रेषा कारखान्यात तपासून घ्यावी. तेल गळत असेल तर ते प्रथम बंद करावे, नाहीतर नव्या रबराची तीच गत होईल.

सरकारी गाडीबरोबर एक नोंदवही असते; तीत किती मैल चालली, कोणता भाग केव्हा बदलला, हे लिहावे लागते. महसूल खात्यात अशा वह्या पाहण्यात आमची बरीच वर्षे गेली, व त्यांवरून असे दिसले की जिची वही नीट ती गाडीही बहुधा नीट. शेतकऱ्यानेही दोन आण्याच्या वहीइतका हा खर्च करावा व बुश बदलल्याची तारीख, मैल व दुकानाचे नाव तीत टिपून ठेवावे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असून पुढे ती पाच पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, व त्या वेळी गाडीची तपासणी होते. त्या प्रसंगीही ही वही उपयोगी पडते.

गाडीत आपण एकटेच बसत नाही. पेरणीच्या दिवसांत मजूर बसतात, बाजारच्या दिवशी घरची माणसे बसतात, आणि घाटाच्या वळणावर ब्रेक दाबताना ती सर्व त्या सहा रबरी तुकड्यांच्या भरवशावर असतात. यासाठी पावसाळ्यापूर्वी नांगर, वखर, पाभर यांची डागडुजी करतो त्याच वेळी जीपखालीही एकदा वाकून पाहण्याची वहिवाट शेतकरी बंधूंनी ठेवावी.