लेणी पाहण्याआधी खडक वाचावा

लासूर परिसरात विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम, पुढे मांजऱ्या आणि अखेरीस सुरुंगावाचून न हलणारा काळा पाषाण लागतो, हे शेतकऱ्याच्या घरातील मुलास सांगावे लागत नाही. तोच पाषाण पाठ्यपुस्तकात ‘बेसाल्ट’ या नावाने भेटला की मात्र तो परका होतो.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यत्वे भूपृष्ठाच्या लांबलचक भेगांतून लावारस वाहिला, थिजला आणि त्यावर पुन्हा वाहिला. आज त्याचे खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशात पसरलेले आहेत. थरांवर थर रचले गेल्याने आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. त्यांना ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला.

हा धडा पायी शिकण्यास औरंगाबाद लेण्यांसारखे ठिकाण नाही. लासूर स्थानकातून पूर्वेकडे रेल्वेने निघाले की वाटेतच देवगिरीचा तासलेला डोंगर दिसतो. पुढे शहराच्या उत्तरेस, विद्यापीठामागील डोंगरात ही बौद्ध लेणी आहेत. पायथ्याकडील नागसेनवन आपणांस परिचित आहेच. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेले महाविद्यालय तेथे आहे.

चढताना घाई करू नये. लावारसाच्या प्रवाहाच्या माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकून खडक सच्छिद्र होतो. हाच आपला मांजऱ्या. त्या छिद्रांत कालांतराने पांढरी खनिजे भरतात. प्रवाहाचा मधला भाग सावकाश थिजल्याने घट्ट व एकसंध राहतो. दोन प्रवाहांमध्ये कोठे कोठे गेरूसारखा लाल थर आढळतो. दोन उद्रेकांमधील उसंतीत खडक झिजून त्याची माती झाली, त्याची ही खूण.

शिल्पकारांना हवा होता तो एकसंध थर. येथील चौथे लेणे हे चैत्यगृह इतरांहून जुने, तर सातव्यात संकटग्रस्तांना तारणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. भेग कोठे जाते, पाणी कोठून झिरपेल, हे ओळखल्यावाचून एवढी खोल दालने उभी राहिली नसती. खोदकाम छताकडून जमिनीकडे होई, त्यामुळे परांचीची गरज फारशी पडत नसे. अजिंठ्याचे अपूर्ण राहिलेले चोविसावे लेणे पाहिले की ही रीत ध्यानात येते. एका रात्रीत पांडवांनी लेणी कोरली, ही कथा गावोगाव ऐकू येते. ती सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, परंतु छिन्नी धरणाऱ्या हातांचे श्रेय तीत बुडते, हे इतिहासाच्या शिक्षकाला सांगावेच लागते.

पालकांनी मुलांना हिवाळ्यात सकाळी न्यावे, सोबत पाणी आणि वही द्यावी. मूर्तींची नावे मागाहून सांगता येतील. आधी भिंतीवरील छिन्नीचे घाव दाखवावेत आणि छतावरील ओल कोणत्या भेगेतून उतरते ते मुलांनाच शोधू द्यावे.