वाचकांचे प्रश्न : आधी तोटा ठरवा, मग सौदा करा

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. सूतगिरणीत सुपरवायझर असून बहुतेक वेळा दुपारी तीनची पाळी असते, त्यामुळे सकाळी मोकळा असतो. डीमॅट खातं उघडलंय, साठवलेले ५० हजार रुपये हाताशी आहेत. इंट्राडे शिकायचं आहे, पण जो तो वेगळीच स्ट्रॅटेजी सांगतो. नवख्याला जमेल अशी एखादी सोपी पद्धत सांगाल का? महिन्याला पाच-सात हजार सुटले तरी पुरे.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पद्धत जरूर सांगतो, पण आधी अपेक्षेबद्दल बोलू. ५० हजारांवर दरमहा पाच-सात हजार म्हणजे महिन्याला १० ते १४ टक्के. शेअर बाजारात एवढा परतावा वर्षभरात पदरात पडला तरी जुनेजाणते गुंतवणूकदार समाधानी असतात. सेबीने जुलै २०२४ मध्ये इंट्राडे करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२-२३ या वर्षात शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या दर दहा जणांपैकी सात जण तोट्यात होते. तिशीच्या आतल्या मंडळींत हे प्रमाण ७६ टक्के होतं आणि वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत ८० टक्के. म्हणजे जितकी जास्त घाई, तितका तोट्याचा संभव जास्त. म्हणून पहिलं वर्ष कमाईचं धरू नका, शिकण्याचं धरा. घरखर्च या पैशांवर अवलंबून असेल किंवा ते उसने आणलेले असतील, तर यात पडूच नका.

आता पद्धत. नवख्यासाठी मला सर्वांत सुटसुटीत वाटते ती ‘ओपनिंग रेंज ब्रेकआउट’. बाजार सव्वानऊला उघडतो. साडेनऊपर्यंत काहीही करायचं नाही, फक्त बघायचं. या पंधरा मिनिटांत शेअरने गाठलेला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव वहीत लिहून ठेवायचा. समजा, वरचा भाव ७९९ आणि खालचा ७९३ आहे. त्यानंतर पाच मिनिटांची एखादी कँडल ७९९ च्या वर बंद झाली आणि उलाढालही वाढलेली दिसली, तर ८०० च्या आसपास खरेदी. स्टॉपलॉस त्या पट्ट्याच्या किंचित खाली, ७९२ ला. लक्ष्य ८१६, म्हणजे जोखमीच्या दुप्पट. भाव पट्ट्यातच घुटमळत राहिला, तर त्या दिवशी सौदा नाही. असे दिवस बरेच येतील, आणि हात आवरून बसणं हाही या पद्धतीचाच भाग आहे.

याला एक चाळणी लावा : व्हीडब्ल्यूएपी. दिवसभरातल्या उलाढालीचं वजन धरून काढलेला हा सरासरी भाव तुमच्या ॲपच्या चार्टवर एका टिचकीत दिसतो. भाव त्या रेषेच्या वर असेल तरच खरेदीचा विचार करायचा. एवढ्या दोन गोष्टी पुरेत. चार्टवर सहा-सहा इंडिकेटर लावले की त्यातला एक तरी आपल्या मनासारखं बोलतोच, आणि मग आपण त्याचंच ऐकतो.

शेअर निवडताना निफ्टी ५० मधले दोन-तीनच घ्या आणि त्यांचीच चाल रोज बघा. कमी उलाढालीच्या स्वस्त शेअरमध्ये खालचं सर्किट लागलं, तर विकायला गिऱ्हाईकच मिळत नाही. आधी विकून मग खरेदी, म्हणजे शॉर्ट सेलिंग, सुरुवातीला नकोच. शॉर्ट केलेल्या शेअरला वरचं सर्किट लागलं तर तो परत घेता येत नाही, प्रकरण ऑक्शनमध्ये जातं आणि तिथे किती भुर्दंड बसेल हे तुमच्या हातात राहत नाही. कंपनीचा निकाल, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, अर्थसंकल्प अशा दिवशी सुट्टी घ्या.

मात्र तुमचे पैसे टिकतील की जातील, हे पद्धतीपेक्षा किती शेअर घेतले यावर जास्त ठरतं. एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्क्यापेक्षा जास्त घालवायचं नाही, असा नियम करा. तुमच्यासाठी ती रक्कम ५०० रुपये. वरच्या उदाहरणात प्रत्येक शेअरमागे जोखीम ८ रुपये. ५०० भागिले ८, म्हणजे जास्तीत जास्त ६२ शेअर. त्यांची किंमत ४९,६०० रुपये, म्हणजे ब्रोकरकडून उधारी न घेता हा सौदा बसतो. आकडा सौद्याच्या आधी काढायचा आणि खरेदी झाल्याबरोबर स्टॉपलॉसची ऑर्डर सिस्टिममध्ये टाकायची. ‘मनात ठेवलेला’ स्टॉपलॉस भाव पडायला लागला की हमखास खाली सरकतो.

इंट्राडेत ब्रोकर पाचपट मार्जिन देतो. तुमच्या ५० हजारांवर अडीच लाखांचे शेअर घेता येतील. पण मग शेअर १ टक्का घसरला की २,५०० रुपये जातात, म्हणजे तुमच्या भांडवलाचे ५ टक्के. शिकण्याच्या काळात ही सोय वापरू नका.

आता खर्चाकडे या, कारण सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं. ४९,६०० ची खरेदी आणि जवळपास तेवढ्याचीच विक्री धरा. दलाली ०.०३ टक्के धरली तर दोन्ही बाजूंची मिळून साधारण ३० रुपये. विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी, म्हणजे १२ रुपये. एक्स्चेंजचं शुल्क सुमारे ३, खरेदीवरची स्टँप ड्यूटी दीड आणि दलाली व शुल्कावरचा १८ टक्के जीएसटी सुमारे ६ रुपये. एकूण जवळपास ५२ रुपये. म्हणजे ८०० चा शेअर ८०० रुपये ८४ पैशांवर गेला, तर तुम्ही कुठे ना नफा ना तोटा या रेषेवर येता.

दिवसाला चार सौदे आणि महिन्याचे वीस दिवस, असे ८० सौदे झाले तर खर्च ४,१६० रुपये. भांडवलाचे ८ टक्के दर महिन्याला फक्त खर्चात जातात. दिवसाला एकच सौदा केला तर हाच आकडा १,०४० वर येतो. वर उल्लेख केलेल्या सेबीच्या अभ्यासातही तोट्यातल्या लोकांनी तोट्याच्या आणखी ५७ टक्के इतकी रक्कम खर्चापोटी भरल्याचं आढळलं. म्हणून दिवसाला एकच सौदा, फार तर दोन. तुमच्या ब्रोकरचे दर वेगळे असतील, तेव्हा पहिल्या सौद्यानंतर मेलवर येणारी कॉन्ट्रॅक्ट नोट उघडून हा हिशेब स्वतः मांडा.

लक्ष्य जोखमीच्या दुप्पट का, तेही यातूनच कळेल. खर्च वजा जाता जिंकलेला सौदा साधारण ९४० रुपये देतो आणि हरलेला ५४८ घेतो. दहांपैकी चारच सौदे जमले, तरी तुम्ही थोडे वर राहता. लक्ष्य जोखमीइतकंच ठेवलं, तर दहांपैकी निदान सहा जमावे लागतात आणि नवख्याला ते अवघड जातं.

क्रम असा ठेवा. पहिला महिना फक्त कागदावर : तारीख, वेळ, भाव, स्टॉपलॉस, निकाल. पुढचे दोन महिने पाच-दहा शेअरचेच सौदे. महिन्यात भांडवलाचे ५ टक्के, म्हणजे २,५०० रुपये गेले, की तो महिना तिथेच बंद. तीनची पाळी गाठायची असल्याने सौदा कसाही असो, दीडला बंद करा. ब्रोकरच्या आपोआप होणाऱ्या स्क्वेअर ऑफवर विसंबू नका, त्यासाठी काही ब्रोकर वेगळं शुल्क लावतात. तीन महिन्यांनंतर वही खर्चासकट तोटाच दाखवत असेल, तर थांबा आणि हेच पैसे एसआयपीत लावा. तसं थांबलात तरी तुमचं काहीच बिघडलेलं नसेल.

प्रश्न : मी पोस्टात नोकरीला आहे. गेल्या वर्षी इंट्राडेत ३८ हजारांचा तोटा झाला. तो पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येईल का? नफाच झाला नाही, मग रिटर्नमध्ये दाखवायची गरज आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पगारातून वजा करता येणार नाही. इंट्राडेचा नफा-तोटा आयकराच्या भाषेत सट्टा व्यवसायाचा धरला जातो आणि असा तोटा फक्त सट्टा व्यवसायाच्या नफ्यातूनच वळता होतो. तो पुढची चार वर्षं ओढता येतो, पण त्यासाठी मुदतीच्या आत रिटर्न भरायला हवं. तोटा झाला तरी तो दाखवायलाच हवा. सौद्यांची माहिती आयकर खात्याकडे असतेच. पगारदारांचा नेहमीचा साधा फॉर्म इथे चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. ब्रोकरच्या ॲपवरून वर्षाचं टॅक्स पी अँड एल उतरवून घ्या आणि सीएकडे जा.

याहून महत्त्वाचं असं की तुम्ही केंद्र सरकारी कर्मचारी आहात. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांतल्या नियम १६ नुसार सरकारी कर्मचाऱ्याला शेअर्समध्ये सट्टा करता येत नाही, आणि वारंवार केलेली खरेदी-विक्री म्हणजे सट्टाच असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. बचत म्हणून शेअर घेऊन ठेवायला आडकाठी नाही. इंट्राडे मात्र तुमच्या नोकरीवर येऊ शकतं. ते आजच थांबवा.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपने त्याला सांगितलंय, ‘दोन लाख खात्यात ठेव, पासवर्ड दे, ट्रेडिंग आम्ही करू, नफ्यातला निम्मा वाटा आमचा.’ मागचे नफ्याचे स्क्रीनशॉटही दाखवलेत. मला भीती वाटते. काय करावं?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : ताई, तुमची भीती रास्त आहे. दुसऱ्याचे पैसे त्याच्या वतीने बाजारात फिरवायचे असतील, तर सेबीकडे पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणून नोंदणी लागते आणि त्यांना ५० लाखांपेक्षा कमी रक्कम घेताच येत नाही. दोन लाखांवर हे काम करू म्हणणारा नियमात बसूच शकत नाही. शिवाय अटी बघा. नफा झाला तर निम्मा त्यांचा, तोटा झाला तर पूर्ण मुलाचा. अशा माणसाला दुसऱ्याच्या पैशावर बेफाम जोखीम घ्यायला काहीच अडत नाही. स्क्रीनशॉट तर कुणालाही बनवता येतो.

मुलावर रागावू नका. त्याच्या शेजारी बसा आणि सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत सल्लागार व रिसर्च ॲनालिस्ट यांच्या यादीत त्या ग्रुपवाल्याचं नाव शोधायला सांगा. नाव सापडलं, तरी पासवर्ड आणि ओटीपी कुणालाच द्यायचा नाही. दिला असेल, तर पासवर्ड लगेच बदला आणि ब्रोकरला लेखी कळवा. पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर पाठवले असतील, तर आत्ताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते. मुलाला बाजार खरंच शिकायचा असेल तर शिकू दे, पण स्वतःच्या हाताने आणि सगळे गेले तरी शिक्षण अडणार नाही एवढ्याच पैशांत.