चूल नसलेल्या माणसांचा मुलूख

पुतणी : काका, नोकरीसाठी मी वाकडला राहायला आले खरी, पण घराबाहेर पडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाण्याच्या ठिकाणांच्या पाट्या इतक्या दाटीने लागलेल्या दिसतात की कोठे जेवावे, हेच सुचेनासे होते. तुमची सारी हयात कारखान्याच्या कॅन्टीनची व्यवस्था पाहण्यात गेली. एवढी हॉटेले या भागात आली कोठून, आणि त्यांतले आपल्यासाठी कोणते हे ओळखायचे कसे?

काका : दोन्ही प्रश्नांची मुळे एकाच ठिकाणी आहेत. पिंपरी-चिंचवडपासून पश्चिमेस हिंजवडी आणि उत्तरेस चाकणपर्यंत जो औद्योगिक पट्टा आज पसरलेला आहे, त्यात गेल्या सत्तर वर्षांत जी लक्षावधी माणसे आली, ती बहुतांशी एकेकटी आली. आईबाप, बायकामुले आणि चूल गावी ठेवून आली. जेथे चूल नसलेला माणूस मोठ्या संख्येने येतो, तेथे त्याला जेवू घालणारा त्याच्या पाठोपाठ येतो, आणि कुटुंबांना घेऊन बसण्याची ऐसपैस, दिमाखदार उपाहारगृहे त्यानंतर पुष्कळ वर्षांनी उघडतात. तुला आज दिसतात त्या पाट्या या दुसऱ्या अवस्थेतल्या आहेत. पहिल्या अवस्थेतली ठिकाणे अजून आहेत, पण त्यांना बहुधा पाटीच नसते.

पुतणी : कारखाने येण्यापूर्वी येथे बाहेर जेवणारे कोणी नव्हतेच का?

काका : यात्रेकरू होते. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी, देहूला तुकोबा, आळंदीला ज्ञानोबा. त्या वाटेवरचा माणूस स्वतःची शिदोरी सोडी किंवा अन्नछत्रात पान मांडी, आणि अन्न विकत घेणे त्याला फारसे रुचत नसे. चाकण हा कांदा-बटाट्याच्या व्यापाराचा कसबा असल्याने बाजाराच्या दिवशी तेथे चहा, भजी आणि भेळ यांची विक्री होई. यापलीकडे काही नव्हते. फाळणीनंतर सिंधमधून परागंदा झालेल्या कुटुंबांची वसाहत पिंपरीस झाली, जिला लोक अजून पिंपरी कॅम्प म्हणतात, आणि त्या माणसांनी हातातल्या थोड्या भांडवलावर जे व्यवसाय मांडले त्यांत खाद्यपदार्थांचा वाटा मोठा होता. सकाळी कॅम्पात गेलीस तर खुसखुशीत पकवान आणि त्यावर घालायची चण्याची दाटसर डाळ अजून मिळेल. निर्वासितांची ती न्याहारी आज सर्व जातिधर्मांचे लोक आवडीने खातात, आणि या गावाच्या इतिहासातली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे 1954 साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. भोसरी, आकुर्डी, चिंचवड या मौजांच्या शिवारात शेड उभ्या राहू लागल्या. 1970 साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, 1982 साली महानगरपालिका. 2001 च्या शिरगणतीत दहा लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या 2011 साली सुमारे 17 लाख 27 हजार झाली. आकड्यांचा तपशील एवढा पुरे. जेवणाचा विचार करताना त्यातले एवढेच ध्यानात धर, की घरे बांधण्याच्या वेगापेक्षा माणसे येण्याचा वेग कायम अधिक राहिला.

पुतणी : मग ही माणसे आरंभी जेवत कोठे?

काका : ज्यांना मोठ्या कारखान्यात नोकरी मिळाली ती कॅन्टीनमध्ये. 1948 च्या कारखाना कायद्यात अशी तरतूद होती, की अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात मालकाने उपाहारगृह चालवावे, असे सरकारला नियमाने फर्मावता यावे, आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी असावेत. सवलतीच्या दरातले ते सकस जेवण या मुलखात ज्यांच्या वाट्याला आले, त्यांची प्रकृती आणि शिल्लक या दोहोंवर त्याचा परिणाम झालेला मी प्रत्यक्ष पाहिला आहे. समितीच्या बैठकीत डाळीच्या दाटपणावरून तासतासभर वाद होत, आणि तो वाद झालाच पाहिजे, असे माझे ठाम मत होते. कारण आठ तास यंत्रापुढे उभा राहणारा माणूस डाळीविषयी बोलतो, तेव्हा तो आपल्या अंगातल्या बळाविषयी बोलत असतो.

परंतु भोसरीच्या गल्ल्यांतून दहा-पंधरा माणसांवर चालणारी जी हजारो लहान वर्कशॉपे होती, आणि पुढे मक्तेदारामार्फत रोजंदारीवर येणारा जो कामगार वाढत गेला, त्याला ही सोय नव्हती. त्याच्यासाठी खानावळ निघाली.

पुतणी : आमच्या इमारतीतली मुले ज्याला मेस म्हणतात, तीच ना?

काका : तीच. तिची व्यवस्था नीट समजून घे, कारण तुझ्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. खानावळ बहुधा एखाद्या बाईच्या घरातल्या पुढच्या खोलीत सुरू होते. गाव सोडून नवऱ्याबरोबर ती येथे आलेली असते, एका पगारात भागत नसते, आणि चार माणसांचा स्वयंपाक करता करता चौदांचा करणे हा तिला अवगत असलेला एकमेव उद्योग असतो. सभासद महिन्याचे पैसे आगाऊ भरतो. त्या रकमेतूनच ती वाण्याचे बिल चुकवते आणि धान्य भरते, म्हणजे खाणाऱ्याचाच पैसा तिचे भांडवल होतो. भिंतीला टांगलेल्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तारखांचे रकाने असतात, आणि जो दिवस जेवायला आला नाही त्यापुढे खाडा मांडला जातो. कोणी एका वेळेचा खाडा धरते, कोणी लागोपाठ दोन-तीन दिवसांचा असेल तरच धरते, आणि बहुतेक ठिकाणी तो आदल्या दिवशी सांगावा लागतो. न सांगता राहिलीस तर तुझ्या वाटची कणीक तिंबली गेलेली असते, त्याचे पैसे तिने सोडावेत कसे? रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे एखादे पक्वान्न, मसालेभात किंवा मटण, आणि रविवारी रात्री बंद. आठवड्यातली तेवढीच संध्याकाळ त्या घराची स्वतःची असते.

पुतणी : यात नफा कितीसा उरत असेल?

काका : फार थोडा, आणि तो सुद्धा शिजवणारीच्या बारीक नजरेतून उरतो. किती जण येणार हे तिला आदल्या रात्री ठाऊक असते, म्हणून अन्न वाया जात नाही. भाजी बाजारात जी स्वस्त असेल ती आणली जाते, म्हणून पावसाळ्यात पालेभाज्या आखडतात आणि डाळी, उसळी वाढतात. पाटीवर पन्नास पदार्थ लिहिणाऱ्या हॉटेलवाल्याला ही कसर साधत नाही. त्याला पन्नासही पदार्थांची तयारी रोज ठेवावी लागते, मग एकच कांदा-टोमॅटोचा रस्सा पातेलेभर करून त्यात कधी पनीर, कधी मटार, कधी काजू सोडणे त्याला भाग पडते. ज्या जेवणाची यादी आखूड, ते बहुधा ताजे. चाळीस वर्षांच्या अनुभवात मला याला अपवाद थोडेच आढळले.

पुतणी : पण रोज एकाच चवीचा कंटाळा येतो, काका. इडली-डोसा, बिर्याणी, काही तरी निराळे खावेसे वाटते.

काका : वाटलेच पाहिजे. आणि निराळे जे मिळते ते सुद्धा येथे आलेल्या माणसांनीच आणले. दक्षिण कानडा जिल्ह्यातून आलेल्या शेट्टी मंडळींनी मुंबई-पुण्याप्रमाणे येथेही उडुपी हॉटेले काढली. तांदूळ आणि उडीद या दोन टिकाऊ धान्यांवर त्यांचा व्यवसाय उभा होता, आणि पटकन वाढणे, पटकन टेबल पुसणे आणि गल्ल्यावर स्वतः बसणे या शिस्तीमुळे स्वच्छतेचे एक किमान परिमाण त्यांनी घालून दिले, ज्याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे. कारखान्यांत आलेल्या मल्याळी कारागिरांमागून निगडी-चिंचवडकडे केरळी पद्धतीचा जाड तांदळाचा भात आणि माशांचे कालवण आले. चाकणच्या बाजूला उत्तरेकडचा मजूर वाढला, तशा संध्याकाळी लिट्टी-चोख्याच्या गाड्या दिसू लागल्या. कोणत्या वस्तीत कोण राहते, हे मतदारयादी न चाळता कळून घ्यायचे असेल, तर संध्याकाळी सातनंतर तेथल्या गाड्यांवरून एक फेरी मारावी.

पुतणी : आणि या मातीतले, येथले मूळचे असे काहीच नाही?

काका : आहे तर! पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी सोडून चाकण, मंचर, नारायणगावच्या बाजूला निघालीस की ‘मासवडी’ ही पाटी वारंवार भेटेल. जुन्नर-आंबेगावच्या घरांतला हा सणावाराचा पदार्थ, नावात मासा असून पूर्ण शाकाहारी. तिखट-मिठाच्या उकळत्या पाण्यात बेसन वैरून ते घट्ट होईतो घोटायचे, ओल्या फडक्यावर हाताला पाणी लावून ते पातळ थापायचे, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, परतलेला कांदा, लसूण आणि कोथिंबीर यांचे सारण पसरायचे, आणि फडक्याच्याच आधाराने दुमडून दाबायचे. सुरीने वड्या कापल्या की प्रत्येक वडीचा आकार माशासारखा दिसतो. सोबत काळ्या मसाल्याचा, डोळ्यांत पाणी आणणारा रस्सा आणि बाजरीची भाकरी. बेसन घोटताना गुठळी राहिली किंवा थापताना ते निवले, की वडी फुटते. म्हणून ही कामगिरी अजून जाणत्या बायकांच्याच हाती आहे. त्या तालुक्यांतली पुष्कळ कुटुंबे भोसरी-चाकणला कामाला आली, आणि घरात कधीमधी होणारा पदार्थ त्यांच्यामुळे हमरस्त्यावरच्या रोजच्या थाळीत गेला. शहर वाढले की गावचे अन्न नाहीसे होते, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही थाळी एकदा खाऊन पाहावी.

तसाच मावळचा इंद्रायणी तांदूळ. आंबेमोहराच्या वंशातला हा वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला. किंचित चिकट, सुवासिक असा त्याचा भात एखाद्या हॉटेलात साध्या वरणाबरोबर मिळाला, तर तेथला मालक स्थानिक शेतकऱ्याकडून माल घेतो, असे समजायला हरकत नाही.

पुतणी : हिंजवडीत तर रात्री भ्रमणध्वनीवर बोट ठेवले की अर्ध्या तासात जेवण दारात येते. मग खानावळीची एवढी महती कशासाठी?

काका : ती सोय मी नाकारीत नाही. पावसात, आजारपणात, रात्रपाळीत ती मोलाची आहे, आणि पुष्कळ तरुणांना त्यातून रोजगार मिळाला आहे. मला खटकते ते निराळे. जेवण पोचवणारी कंपनी हॉटेलकडून प्रत्येक मागणीवर दलाली घेते. ती भरून काढायला एक तर दर वाढतो किंवा वाटीतला ऐवज कमी होतो. घरात खानावळ चालवणाऱ्या बाईच्या हिशेबात त्या दलालीला जागाच नसते, म्हणून ती भ्रमणध्वनीवरच्या यादीत बहुधा दिसत नाही; आणि तुमच्या पिढीला जे यादीत नाही ते अस्तित्वातच नाही असे वाटू लागते. शिवाय एकाच स्वयंपाकघरातून चार निरनिराळ्या नावांनी अन्न बाहेर पडते, ते शिजते कोठे हे जेवणाऱ्याने कधी पाहिलेले नसते. खानावळीत भांडी घासण्याची मोरी सुद्धा तुझ्या डोळ्यांसमोर असते.

आणि एक गोष्ट मी मनापासून सांगतो. नवे औद्योगिक क्षेत्र आखताना रस्ते, पाणी, वीज, सांडपाणी यांची रेघ न् रेघ नकाशावर उमटते. तेथे येणारा एकटा कामगार दोन वेळा जेवणार कोठे, याचा रकाना त्या नकाशात मला कधी आढळला नाही. दुसरी पाळी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, तेव्हा उघडे असते ते बहुधा चहा-बिडीचे दुकान किंवा दारूचे. खानावळीसाठी माफक भाड्याचे गाळे राखून ठेवावेत, त्यांना पाण्याची स्वतंत्र जोडणी द्यावी, अन्न परवान्याची नोंदणी करायला बाईला कचेरीत हेलपाटे घालायला न लावता अधिकाऱ्यानेच तिच्या दाराशी जावे, आणि रात्री उशिरापर्यंत जेवण देणाऱ्यास पोलिसांनी मुभा द्यावी, एवढे जरी झाले तरी या मुलखातल्या हजारो माणसांचे आरोग्य सुधारेल. हे काम कोणा एका खात्याचे नाही, म्हणून ते कोणीच करीत नाही, आणि मला त्याची खंत वाटते.

पुतणी : मग मी नेमके काय करू? उद्यापासूनच मला सोय पाहायची आहे.

काका : आधी वाकडच्या भाजीवाल्याला विचार, की रोज सकाळी ठरावीक वजनाची भाजी कोणकोणत्या बाया नेतात. त्यांतल्या दोघींकडे जा, आणि जाताना दुपारी साडेबारापूर्वी न जाता दोनच्या पुढे जा. शेवटच्या पंगतीला पोळी कशी मिळते, यावरून घर कळते. पिण्याच्या पाण्याचे पिंप झाकलेले आहे का, वरण पुन्हा मागितले तर वाढणारीचा हात आखडतो का, आणि अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक लावलेला आहे का, हे पाहा. क्रमांक नसला तर तेवढ्यावरून उठून येऊ नकोस. अर्ज कसा करायचा तो तिला दाखव, तुझ्या हातात ते यंत्र दिवसभर असतेच. महिन्याचे पैसे भरण्याआधी तीन-चार दिवस रोख देऊन जेव, त्यांतला एक दिवस सोमवार असू दे, म्हणजे रविवारच्या फीस्टमधले उरलेले पुन्हा पानात येते की काय हे समजेल. आणि खाड्याचा नियम पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारून घे, पुढे बोलाचाली होत नाहीत.

पुतणी : आणि रविवारी रात्री?

काका : रविवारी रात्री चिंचवडला आमच्याकडे येत जा. काकू मुगाची खिचडी टाकते, सोबत भाजलेला पापड असतो. येताना पिंपरी कॅम्पातून पकवान आणलेस तर तिला विशेष आवडेल.