वळिवड्याची शाळा आणि आपल्या बागेतली मुलं

मैत्रिणींनो, या महिन्याच्या अभ्यासाला जरा लांबून सुरुवात करू. कोल्हापूरजवळ वळिवडे म्हणून गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बाया आणि मुलंच जास्त. रशियाने १९४० च्या सुमारास या लोकांना घरातून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून ते इराणमार्गे आपल्याकडे आले. मुलांची वर्षं वाया गेलेली, काहींचे आईबाप वाटेतच गेलेले.

छावणीत बालवाडीपासून माध्यमिकपर्यंत शाळा निघाल्या. शिक्षक त्यांच्यातलेच, भाषा पोलिश. कारण परत मायदेशी जायची आशा! पण युद्धानंतर पोलंडचा पूर्व भाग रशियाकडे गेला आणि बरीच कुटुंबं इंग्लंड, ऑस्ट्रेलियात पांगली. मग ती शाळा फुकट गेली का? मला नाही वाटत. सगळं हरवलेल्या लेकराला रोज सकाळी कुणीतरी त्याच्या बोलीत नावानं हाक मारतं, हे थोडं नाही.

पॅलेस्टिनी निर्वासितांचं थोडं वेगळं. १९४८ साली त्यांची घरं सुटली. संयुक्त राष्ट्रांची संस्था १९५० पासून त्यांच्या मुलांच्या शाळा चालवते. जॉर्डन, लेबनॉनमध्ये शिक्षक बहुतेक त्यांच्यातलेच, पण अभ्यासक्रम त्या त्या देशाचा. पुढची परीक्षा तिथंच द्यायची ना!

आता आपल्या निफाडकडे या. पेठ, सुरगाण्याची कुटुंबं भात काढून झाला की द्राक्षबागांच्या कामाला येतात. ती निर्वासित नव्हेत, आपल्याच जिल्ह्याची आहेत. पण शाळा तिकडे आणि मूल इकडे, हे सारखंच. थोरली मुलगी धाकट्याच्या झोळीपाशी बसून राहते. कुणी शाळेत नेलंच, तर “दाखला आणा” म्हटलं की आई माघारी फिरते.

तिनं फिरायचं कारण नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला तरी प्रवेश अडवता येत नाही. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही घ्यावं लागतं. कधी शाळेतच न गेलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळतो, मागे राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवणंही. शिवाय अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बाया हव्यात. आपल्यातल्या कितीजणी तिथं नुसती सही करून येतात, ते आपलं आपल्याला माहीत!

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या शेजारच्या बागांवर किती मुलं आहेत ते सांगायचं. नाव, वय, मूळ गाव, शेवटची इयत्ता, एवढं वहीत लिहा. यादी घेऊन दोघीजणी मुख्याध्यापकांकडे जा. आणि गटात कुणाला त्यांची कोकणा बोली येत असेल, तर पहिला आठवडा तिनं मुलांबरोबर वर्गापर्यंत जावं.