एमएसडब्ल्यू झालात, शाळेत जाताय?

एमएसडब्ल्यूचा निकाल लागला की हातात येणारी पहिली नोकरी अनेकदा शाळेतली असते. नेमणूक संस्थेची, शाळा पालिकेची किंवा अनुदानित, करार अकरा महिन्यांचा आणि पगाराच्या जागी मानधन. ही नोकरी घ्यावी असंच मी सांगेन. पण सही करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. पगार तुटपुंजा आणि पालक विश्वास ठेवत नाहीत, या शाळेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या दोन कायमच्या तक्रारी, आणि दोन्हींचं मूळ एकच आहे: पद पक्कं नाही. दरवर्षी नवा चेहरा समोर आला तर कोणती आई घरातलं सांगेल? म्हणून कराराची बोलणी हा पालकांबरोबरच्या कामाचाच पहिला टप्पा समजा.

आधी दर माहीत करून घ्या. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या समाजकार्यकर्त्याला महिना १८,५३६ रुपये आणि क्षेत्रीय कार्यकर्त्याला १०,५९२ रुपये धरलेले आहेत. पदव्युत्तर शिक्षण, बाल न्याय कायद्याची जाण आणि उन्हातान्हात वस्त्या पालथ्या घालणं, या सगळ्याची ही किंमत अन्यायाची आहे असं मला ठामपणे वाटतं. पण संस्थांशी बोलताना हे आकडे ठाऊक असलेले बरे, कारण समोरचा बहुधा त्यांच्याच आसपास बोलतो.

पाचशे-हजारासाठी घासाघीस करण्यापेक्षा मुदत मागा. निदान दोन शैक्षणिक वर्षं. देणगीदाराचा निधी वर्षाचाच आहे असं उत्तर आलं, तर ‘निधी राहिल्यास हीच व्यक्ती, हीच शाळा’ एवढं तरी करारात लिहून घ्या. संस्थेत वीस किंवा अधिक माणसं कामाला असतील तर तिला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. तेव्हा पीएफ कापणार का, हे न लाजता विचारा. गृहभेटींचा प्रवासखर्च आणि फोनचा खर्च मानधनाबाहेर हवा. शाळेत दार लागणारी खोली हवी. जिन्याखालच्या टेबलावर कोणी मन मोकळं करत नाही. आणि कामाचं स्वरूप लेखी हवं: ऑफ तासिका घेणं आणि ऑनलाइन माहिती भरणं हे तुमचं काम नाही. हे शेवटचं पगाराइतकंच महत्त्वाचं आहे. छडी घेऊन वर्ग शांत करणाऱ्या माणसाकडे मूल दुपारी रडायला येत नाही.

पुढे काय, हा प्रश्न घरचे विचारतीलच. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं आहे. बाल व किशोर मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण मात्र दाखवता आलं पाहिजे. अंमलबजावणीला वेळ लागेल, पण मुलाखतीला जाताना हा मुद्दा हाताशी असू द्या, आणि ते प्रशिक्षण पहिल्याच वर्षी घ्या. बंगळुरूच्या निमहान्सचा ‘संवाद’ उपक्रम याच विषयावर काम करतो. शाळेबाहेरही वाटा आहेत. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक, महिला व बालविकास विभागात परिवीक्षा अधिकारी, कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक, मोठ्या कारखान्यात कल्याण अधिकारी. जाहिराती कमी निघतात, म्हणून शाळेत असतानाच अभ्यास चालू ठेवा.

आता पालक. त्यांच्या संशयाला ‘अज्ञान’ म्हणू नका. वकील-डॉक्टरांसारखी आपल्या व्यवसायाची नोंदणी करणारी परिषद देशात नाही, त्यामुळे चौकातल्या फ्लेक्सवरचे समाजसेवक आणि तुम्ही यांतला फरक आईला कोणी सांगितलेलाच नसतो. काही समाजांसाठी तर वही घेऊन दारात उभा राहणारा माणूस म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं संकट. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांची हजेरी घेतली जायची, त्यांची त्यातून सुटका १९५२ मध्ये झाली; ती आठवण पारधी वस्तीत अजून ताजी आहे. आणि जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं, हे प्रत्येक गृहभेटीआधी लक्षात असू द्या. अनोळखी माणसाने अनोळखी वस्तीत लेकरांची चौकशी करणं दोन्ही बाजूंना धोक्याचं असू शकतं.

म्हणून पहिला महिना गृहभेट नको. शाळा भरताना आणि सुटताना फाटकापाशी उभे राहा. मुलांची नावं पाठ करा, सोबत येणाऱ्या आजीला, मोठ्या बहिणीला ओळखू लागा. पालकसभेत पाच मिनिटं मागून घ्या आणि लोकांच्या मनात आहे तेच उघड बोला: मी पोलीस नाही, मूल घरातून उचलून नेणं माझ्या हातात नाही. बाल न्याय कायद्यातच संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे आणि तो निर्णय बालकल्याण समितीचा असतो. माझ्याकडे आल्याने शाळेतून नाव कमी होणार नाही. आठवीपर्यंत मुलाला काढून टाकायला शिक्षणहक्क कायद्याचीच मनाई आहे. आणि माझ्याशी बोलणारं मूल वेडं ठरत नाही. ही वाक्यं दर सभेत म्हणा, कंटाळा करू नका.

शाळेतून फोन आला की आईच्या पोटात गोळा येतो. ती सवय तुम्ही मोडायची. पहिला फोन चांगल्या गोष्टीसाठीच करा.

‘ओंकारची आई बोलताय ना? शाळेतून बोलतेय, समाजकार्यकर्ती.’
‘काय केलं त्यानं?’
‘काही नाही ताई. आज पडलेल्या लहान मुलाला त्यानं उचलून माझ्याकडे आणलं, जखम धुतली. तुम्हाला सांगावंसं वाटलं.’
मग थोडी शांतता. ‘बरं… बरं झालं मॅडम.’

एवढंच बोला आणि ठेवा. त्याच फोनमध्ये ‘पण हजेरी कमी आहे’ जोडलंत, तर सगळं पाण्यात. हजेरीचं पुढच्या आठवड्यात, समोरासमोर.

गृहभेट ठरवताना वेळ त्यांनी द्यायची. धुणीभांड्याची कामं करणारी बाई दुपारी तासभर घरी असते, आणि तो तासही तिच्या विश्रांतीचा असतो. पहिल्या वेळी अंगणवाडीताई, आशाताई किंवा शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या पालकाला सोबत न्या. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा वस्तीतलं कोणीतरी सापडतंच. ओळख झाली की त्यांना परत पाठवा. शेजारणीसमोर नवऱ्याच्या दारूचं कोणी सांगत नाही. वही पिशवीतच राहू द्या, फोटो अजिबात नकोत, देणगीदाराच्या अहवालासाठीसुद्धा. बसायला सांगतील तिथे बसा, चहा दिला तर घ्या. सुरुवात मुलाच्या आवडीनिवडीपासून करा. आणि वडील घरी असतील तेव्हाची एक भेट मुद्दाम ठरवा. फक्त आईशी बोलत राहिलात तर घरात संशय वाढतो आणि त्याचा मार तिला बसतो.

गुप्ततेबद्दल बोलताना शब्द मोजून वापरा. ‘तुम्ही सांगाल ते कोणालाच कळणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी दाट शंका आली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. म्हणून पहिल्या भेटीतच सांगा: ‘घरातलं बोलणं मी वर्गशिक्षकांनाही सांगणार नाही. पण मुलाला कोणी वाईट हेतूने हात लावत असेल किंवा त्याच्या जिवाला धोका असेल, तर मला कळवावंच लागेल.’ ‘आधी तुम्हाला विचारेन’ हेही म्हणू नका, कारण धोका घरातूनच असू शकतो. तशी वेळ आलीच, तर भरवशाच्या पालकाला पुढचं चित्र समजावून द्या: मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हवं तिथे घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक गणवेशाशिवाय येते आणि मुलाचा विश्वास असलेलं माणूस जवळ राहू शकतं. अर्धी भीती तिथेच उतरते. शाळेच्या नावाला बट्टा लागेल म्हणून कोणी थांबवू लागलं, तर थांबू नका. रात्री-अपरात्री १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच.

तुमची खरी परीक्षा तक्रार शिक्षकाविरुद्ध असते तेव्हा होते. मुलाला मारलं म्हणून आई फाटकाशी आली, की सगळी वस्ती तुमच्याकडे बघत असते. स्टाफरूममधला रोजचा डबा त्याच शिक्षकांबरोबर खायचा असतो, हे मी जाणते. तरीही सारवासारव करू नका. शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. आईचं म्हणणं तिच्या शब्दांत लिहून घ्या, वाचून दाखवा, मुख्याध्यापकांकडे देऊन पोचेची सही असलेली प्रत तिच्या हातात ठेवा. शिक्षकाशी वेगळं बोला, त्याचंही ऐका. साठ मुलांच्या वर्गात तोही पिचलेला असतो. आठवड्याने काय झालं ते आईला स्वतःहून कळवा, काही झालं नसेल तरीही.

आणि करार संपत आला, की जाण्याच्या महिनाभर आधीच पालकांना सांगा. सुट्टीनंतर दुसरंच कोणी दिसलं तर फसवल्यासारखं वाटतं. नवी व्यक्ती ठरली असेल तर निदान नाजूक प्रकरणांतल्या घरी तिला स्वतः घेऊन जा. तिच्याकडे काय सोपवायचं हे पालकांना विचारून ठरवा: चालू असलेले उपचार, शिष्यवृत्तीचे अर्ज, बालकल्याण समितीपुढची प्रकरणं जायलाच हवीत. जे फक्त तुमच्यापाशी बोललं गेलं आणि ज्याची आता मुलाच्या सुरक्षेसाठी गरज नाही, ते पुढे द्यायचं की नाही हे त्या घरानेच ठरवायचं.