शरीराचं म्हणणं : ऐका, सांगा, तपासा



आजच्या पाठाची सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिसऱ्या तासाला ती बाकावर डोकं टेकवायची. मी विचारायचे, "रात्री मोबाइल बघत बसतेस का गं?" ती म्हणायची, "नाही बाई, पाय दुखतात. जिना चढला की दम लागतो." मी म्हणायचे, "या वयात कसला दम लागतोय? सरळ बस." हे दोन-तीन महिने चाललं. पाटीवरची पेन्सिल खाताना मी तिला दोनदा पकडलं आणि दोन्ही वेळा रागावले. पुढे शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं, रक्त तपासलं गेलं. तिचं हिमोग्लोबिन साडेसात होतं. तिच्या वयाला ते निदान 12 असायला हवं. 8 च्या खाली गेलं तर तो तीव्र रक्तक्षय समजतात.

म्हणजे तिचं शरीर खरं बोलत होतं. तिनं ते ऐकलं होतं, मला सांगितलंही होतं. विश्वास ठेवला नाही तो मी. म्हणून आज आपण तीन गोष्टी शिकणार आहोत. शरीराचं ऐकायचं कसं, शरीरावर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, आणि आरोग्याकडे समग्रपणे बघणं म्हणजे काय.

1. शरीराला स्वतःची समज असते

उन्हात खेळून आलात की घाम येतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. थंडीत अंग कापतं, कारण स्नायू हलले की उष्णता तयार होते. तुम्ही काही ठरवत नाही, तरी शरीराचं तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. रक्तातलं पाण्याचं प्रमाण थोडं जरी कमी झालं तरी मेंदूतल्या एका लहानशा भागाला ते कळतं आणि आपल्याला तहान लागते. आतला तोल असा सांभाळण्याला विज्ञानात 'होमिओस्टॅसिस' म्हणतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं हा शब्द रूढ केला. 1932 साली त्यांनी याच विषयावर पुस्तक लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'द विज्डम ऑफ द बॉडी', म्हणजे शरीराचं शहाणपण.

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. चरकसंहितेत 13 नैसर्गिक वेग सांगितले आहेत. मल, मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप, अश्रू वगैरे. हे वेग अडवू नयेत, अडवले तर त्रास होतो, असं तिथे म्हटलं आहे. गंमत बघा, त्याच अध्यायात काही वेग मात्र आवरायला सांगितले आहेत. लोभ, राग, मत्सर. आपण नेमकं उलटं करतो! राग मोकळा सोडतो आणि लघवी दाबून ठेवतो.

हसू नका, हा विषय गंभीर आहे. स्वच्छतागृह नीट नाही म्हणून शाळा सुटेपर्यंत पाण्याचा घोटही न घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. दहा वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण 350 मिलिलीटर लघवी मावते. ती तासन् तास दाबून ठेवली आणि वर पाणीही कमी प्यायलं, तर जंतूंना वाढायला वेळ मिळतो. मग लघवीला जळजळ होते, ताप येतो. केरळमधल्या शाळांनी 2019 मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली, ती यासाठीच. पण नुसती घंटा वाजवून भागत नाही. पाणी प्यायल्यावर जायला स्वच्छ जागाही हवी. मुलांनी शरीराचं ऐकावं असं वाटत असेल, तर तशी सोय मोठ्यांनी करायची असते.

2. शरीर निरोप देतं, निदान देत नाही

आता महत्त्वाचा मुद्दा. शरीरावर विश्वास ठेवा म्हणजे मनात येईल तसं वागा, असं नाही. माझ्या त्या विद्यार्थिनीला पेन्सिल खावीशी वाटायची. अंगात लोह कमी झालं की अनेकांना माती, खडू, कच्चे तांदूळ खाण्याची इच्छा होते. तो शरीराचा निरोप खरा होता, पण पेन्सिल हा त्यावरचा उपाय नव्हता. "काहीतरी बिघडलंय, बघा," एवढंच शरीर सांगत होतं.

निरोप कधी भलत्याच पत्त्यावरून येतो. हृदयविकाराच्या झटक्यात दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणवू शकतं. घरातले म्हणतात, "हात अवघडला असेल, तेल चोळा." त्यात मोलाचा वेळ जातो.

आणि कधी शरीर काहीच बोलत नाही. उच्च रक्तदाब वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. सुरुवातीच्या मधुमेहाचंही तसंच. ज्या मुलाची नजर लहानपणापासून अधू आहे, त्याला ते कळतच नाही. सगळ्या जगाला फळा असाच धूसर दिसतो, असं त्याला वाटत असतं. म्हणून "मला काही होत नाही, मग तपासणी कशाला?" हे म्हणणं बरोबर नाही. शरीर बोलतं तेव्हा ऐकायचं, आणि ते गप्प असलं तरी अधूनमधून त्याची विचारपूस करायची. तपासणी म्हणजे ही विचारपूसच.

3. समग्र आरोग्य म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1948 पासून लागू असलेल्या घटनेत आरोग्याची व्याख्या आहे. तिचा अर्थ असा, की नुसतं आजारी नसणं म्हणजे आरोग्य नव्हे. शरीर, मन आणि समाजातलं जगणं, तिन्ही चांगलं असणं म्हणजे आरोग्य. ही व्याख्या तुम्ही पाठ करता. आता ती वापरून बघू.

त्या मुलीला रक्तक्षय का झाला? एका ओळीतलं उत्तर, लोह कमी पडलं. लोहाशिवाय हिमोग्लोबिन बनत नाही आणि हिमोग्लोबिनशिवाय प्राणवायू शरीरभर पोचत नाही. मग हृदयाला जास्त धावावं लागतं, म्हणून दम लागतो. पण लोह कमी का पडलं? डॉक्टर आणि आशाताईंनी विचारायला सुरुवात केली, तेव्हा एकेक धागा निघू लागला.

सकाळी ती चहा-चपाती खाऊन यायची. जेवणासोबत चहा घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. घरात ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची, तोवर भाजी तळाला गेलेली असायची. शेतात अनवाणी जायची, त्यातून जंत होतात. आतड्यातले काही जंत रक्त पितात. पाळीच्या वेळी रक्तस्राव जास्त व्हायचा, पण हे सांगायची लाज वाटायची. पहाटे उठून पाणी भरायचं, म्हणून झोप अपुरी. शाळेत दर सोमवारी मिळणारी लोहाची निळी गोळी ती खिशात ठेवून द्यायची, कारण एकदा उपाशीपोटी घेतल्यावर मळमळलं होतं.

बघा, आजार एक आणि धागे सहा-सात. तिला डॉक्टरांचं औषध लागलंच, ते टाळून चाललं नसतं. पण फक्त औषध दिलं असतं आणि बाकी सगळं तसंच राहिलं असतं, तर वर्षभरात ती पुन्हा तिथेच आली असती. समग्र दृष्टी म्हणजे औषधाला विरोध नव्हे. औषधाच्या जोडीला माणसाचं ताट, झोप, मन, घर आणि लाज हे सगळं बघणं म्हणजे समग्र दृष्टी.

आणि ही एकट्या मुलीची गोष्ट नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. म्हणजे दहातल्या जवळजवळ सहा. आपण ज्यांना "आळशी", "लक्ष नाही हिचं" म्हणतो, त्यांतल्या कितीजणी खरोखर आळशी असतील?

मनाचं काय? कॅनन तरुणपणी मांजरांच्या पचनाचा क्ष-किरणांनी अभ्यास करत होते. मांजर घाबरलं किंवा चिडलं की त्याच्या जठराची हालचाल थांबते, हे त्यांच्या लक्षात आलं. मग परीक्षेच्या सकाळी मुलाचं पोट दुखतं, तेव्हा ते नाटक असतं का? बहुतेक वेळा ते दुखणं खरंच असतं, फक्त त्याचं मूळ भीतीत असतं. "नाटकं करू नकोस" म्हटल्यानं भीती जात नाही. मूल पुढच्या वेळी सांगायचं मात्र थांबतं.

4. मग आपण काय करायचं?

- तहान, भूक, झोप आणि लघवी-शौचाची जाणीव झाली की टाळू नका. 13 ते 18 वयात रोज 8 ते 10 तास झोप लागते.
- सावकाश जेवा. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला सुमारे 20 मिनिटं लागतात. मोबाइल बघत जेवलं की तो ऐकूच येत नाही.
- पालेभाज्या, बाजरी, मटकी, अळीव, आणि घरी चालत असेल तर अंडी-मासे-मटण खा. सोबत लिंबू किंवा आवळा घ्या, त्यामुळे लोह चांगलं शोषलं जातं. चहा जेवणानंतर तासाभरानं.
- लोहाची गोळी जेवल्यानंतर घ्या. शाळेत जंतनाशक गोळी मिळते तीही चुकवू नका.
- त्रास सांगताना नेमकं सांगा. कुठे, कधीपासून, कशानं वाढतं, कशानं कमी होतं. "कसंतरी होतंय" यापेक्षा "तीन दिवसांपासून जेवल्यावर उजवीकडे दुखतंय" हे डॉक्टरांच्या जास्त उपयोगाचं.
- छातीत दाब, श्वास घ्यायला त्रास, बेशुद्धी, अचानक तोंड वाकडं होणं किंवा हात-पाय लुळा पडणं, यात घरगुती उपाय करत बसू नका. लगेच 108 ला फोन करा.
- मन फार जड झालं असेल तर 14416 हा टेली मानसचा मोफत क्रमांक आहे. तोही दवाखानाच समजा.

पालक आणि शिक्षक मित्रांनो, आपल्यासाठी एकच गोष्ट. मूल "मला त्रास होतोय" म्हणालं, की पहिलं वाक्य "काही होत नाही" हे नको. "कुठे होतंय, सांग बघू," हे असू द्या. दहा वेळा तसं विचारून नऊ वेळा काही निघालं नाही तरी चालेल. त्या दहाव्या वेळेसाठीच विचारायचं असतं.

ती मुलगी उपचारानंतर काही महिन्यांनी माझ्या आधी जिना चढून वर्गात पोचली. वर उभी राहून म्हणाली, "बाई, तुम्हालाच दम लागलाय!" मी गुपचूप जाऊन माझं रक्त तपासून आले.

स्वाध्याय

1. 'शरीर निरोप देतं, निदान देत नाही' हे विधान पाठातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
2. पाठातील मुलीच्या रक्तक्षयाची शारीरिक, मानसिक आणि सामाजिक कारणं वेगवेगळी लिहा.
3. कोणते आजार सुरुवातीला गप्प राहतात? ते ओळखण्यासाठी काय करावं?

उपक्रम : सात दिवस वहीत रोज चार नोंदी करा. किती तास झोपलो, किती वेळा पाणी प्यायलो, जेवणात काय होतं, आणि आज शरीर काय म्हणालं. आठव्या दिवशी ती वही घरातल्या मोठ्या माणसासोबत बसून वाचा.